सारं लेवलमंदी, तरी सैपाकघराकडं

...अन् तरी सैपाकघराकडं! रोज! आता तुमीच सांगा, मानसानं डोकं कोन्त्या भितीवर आपटावं? तुमाले सांगतो, सोनाळ्यात पंचवीस वर्सं रेडिओ दुरुस्त केले म्या, मुके पडलेले बोलते केले, पन त्या जर्मनीच्या हेलिकॉप्टरनं माहा पार भुगा केला!

खरं नाही हो, खेळन्यातलं. दोन हात लांब, डबी हातात धरून दुरून उडवाचं. वामननं धाडलं, आमच्या पोरानं. सत्तरले गेला जर्मनीत, आता सत्त्याहत्तर लागलं, तोंड नाही दाखोलं. कागद तेवढे येते. अवंदा लिवलं, 'बाबा, तुमच्यानं ते जुळनार नाही, हात लावू नोका. दिवाळीले मी येतो, मीच जुळवून देतो.'

माह्याच्यानं जुळनार नाही? मले म्हन्ते!

आमची बायको सत्यभामाबाई हात जोडून राह्यली, 'राहू द्या नं जी. पोरगं येतो म्हन्ते, येऊ द्या.' पन ऐकतो कोन? बसलो आंगनात. त्याच्या वरच्या पंख्याखाली एक चकती असते. डबीवरची काडी दाबली का चकती कलते, चकती कलली का धूड तिकडंच पळते. म्हंजे काडी मधात असली का चकती लेवलमंदी पायजे, सोपं हाय नं? उकंडराव गवंड्याच्या पानसळीतली काचेची नळी काढून आनली, चकतीवर ठेवली, बुडबुडा बरोब्बर मधात... सुरू केलं, त्याच्या तेलातल्या एरंडेलाच्या धुरानं गल्ली खोकली, उठलं... अन् गेलं सैपाकघरात, चुलीवरच्या वरनाच्या गंजात! सारं लेवलमंदी, तरी सैपाकघराकडं!

सव्वा महिना हेच! शेजारची बनाबाई म्हने, 'शेषरावभाऊ, त्याले भूक लागत असन!' घ्या, मजाक!

मंग उकंडराव आला, तनतनत, नळी मांगाले. 'काऊन जी, आंगन लेवलमंदी हाय का? सैपाकघराकून मोरीकडं पानी जावाले म्याच तं उतार देल्ला!' अरे बापा! म्हंजे हेलिकॉप्टरच उभं वाकडं, अन् म्या चकती बुडबुड्याच्या हिशोबानं सरळ करून राह्यलो, म्हंजे दर खेपी सैपाकघराकडं कलवून! ते तं पंख्याच्या मधातल्या दांड्याशी काटकोनात पायजे! उकंडरावचाच काटकोन पाहाचा गुन्या दांड्याले लावला, चकती जुळोली... छातीएवढं उठलं, अन् उभंच! ना इकडं, ना तिकडं. गल्लीनं टाळ्या वाजोल्या. मी तं रडलोच हो. सत्यभामाबाई तेवढी घरात निंगून गेली.

त्याच उमंगीत कागद धाडला, 'सरळ उडते. तुह्या बापानं जुळोलं.'

उत्तर आलं, 'शाब्बास बाबा! मंग दिवाळीची धावपळ करत नाही. कामबी लय हाय. पुढच्या वर्सी पाहू.'

पंधरा दिवस घरात माह्याशी कोनी बोललं नाही. कोनी म्हंजे... दोघंच तं हावो. ताट सरकोल्याचा आवाज, बस. शेवटी मन मारलं, अन् जिंदगीत पहिल्यांदा पोराले खोटं लिवलं, 'बिघडलं रे. सारं लेवलमंदी, तरी सैपाकघराकडं. माह्याच्यानं नाही होत. तूच ये.'

काल पोस्टमन आला. सत्यभामाबाई धावतच उंबऱ्यात... अन् पाह्यते तं ही एवढी पेटी! आत चिठ्ठी, 'बाबा, जुनं फेका. नवीन धाडलं. हे कारखान्यातूनच जुळवून येते. पेटीतून काढा अन् उडवा.'

घ्या. आता घरात बिघडवाले बी काई उरलं नाही.