फुल्ली ऑटोमॅटिकच्या पोटातली गोधडी

…नाही, दार उघडत नाही म्हणजे नाहीच उघडत, तुम्हाला सांगते, दोन्ही हातांनी ओढून झालं, भिंतीला पाय लावून ओढून झालं, फटीत उलथनं घालून झालं, शेवटी मनालीशी बोलते तशा गोड आवाजात "उघड बघू, शहाणं ना ते" असंही म्हणून झालं, आणि ते आपलं पांढरं धूड मोरीच्या शेजारी ढिम्म उभं. पोटात माझ्या पोरीची गोधडी, गोधडीच्या भोवती घागरभर पाणी, आणि कपाळावर चंदेरी अक्षरात काय लिहिलंय? फुल्ली ऑटोमॅटिक.

मी एम.एस्सी. फिजिक्स. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढं जे ऐकाल त्याची लाज मला एकदाच वाटेल.

मुळात हे मशीन मला नकोच होतं. आमच्या यांना, म्हणजे बुद्धभूषणना, कोल्हापुरातल्या एका शोरूममध्ये टाय लावलेल्या माणसानं गाठलं, आणि सांगितलं मात्र मला. "मॅडम, कपडे टाकायचे, बटण दाबायचं, आणि सोफ्यावर जाऊन बसायचं." कुठल्या सोफ्यावर? जवाहरनगरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आमच्या, मशीनला जागा व्हावी म्हणून होता तो सोफा काढून टाकला. म्हणजे बटण दाबायचं आणि उभं राहायचं. बरं, टेम्पोतून मशीन उतरलं तर खालचे घरमालक, आकाराम आण्णा, बनियनवर बाहेर येऊन म्हणतात, "वयनी, नारळ आणा. इतकी मोठी वस्तू घरात घेताय." म्हटलं, "आण्णा, आमच्यात नारळ फोडत नाहीत." "मग लिंबू तरी ठेवा चाकाखाली." म्हटलं, "आण्णा, त्याला चाकं नाहीत." त्यांनी मान अशी हलवली, जशी डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांपुढं हलवतात.

आणि कोडोलीहून आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, तानूबाई. त्यांनी त्या पुढच्या गोल काचेवर तळहात ठेवला आणि विचारलं, "ह्यो डोळा कशाला गं?"

"आत्या, आत धुणं दिसतं त्यातनं."

"धुणं बघायचं आसतंय व्हय? आमी आपलं धुतो." आणि चहा पिऊन गेल्या.

आता गोधडी. ती आत्यांनीच शिवलेली, त्यांच्या दोन जुन्या लुगड्यांची. मनाली अडीच वर्षांची आहे, ती गोधडीला 'डी' म्हणते. डी असेल तर जेवते, डी असेल तर झोपते, डी असेल तर दुसऱ्याच्या घरी राहते. डी नसेल तर… तुम्हाला मुलं आहेत ना? मग पुढचं सांगत नाही. तर या डीला नाक पुसलेलं, डीला वरण, डीवर दूध, आणि त्या सगळ्याचा मिळून एक वास, जो फक्त आईला आणि पोरीलाच वास वाटत नाही.

आणि मला आला इंटरव्ह्यूचा कॉल. गारगोटीला, ज्युनिअर कॉलेजात, फिजिक्स, दुपारी दोन वाजता. मनालीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच. तीन वर्षांत मी न्यूटनपेक्षा नाचणीवर जास्त बोललेली बाई, मला झोप कशी लागणार? शेजारच्या दारातल्या सुलतानबी म्हणाल्या, "पोरगीला माझ्याकडं ठेव की, जा बिनघोर." आता बिनघोर जावं की नाही? पण सुलतानबींचं घर तुम्ही बघितलेलं नाही. फरशीत बघून भांग पाडावा असं घर. आणि तिथं मी ही वासाची गोधडी पाठवणार? त्या काही म्हणाल्या नसत्या. कुणीच कधी काही म्हणत नाही हो, सगळं मीच माझ्या मनात त्यांच्या आवाजात म्हणून घेते.

म्हणून इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी गोधडी मशीनमध्ये घातली. थांबा, हसू नका. हिशेब पक्का होता. मशीनचा कार्यक्रम सव्वा तासाचा. आमच्या भागात लाईट जायची दहाला. पावणेआठला गोधडी गच्चीवर, मे महिन्याचं ऊन, साडेदहापर्यंत कडकडीत. साडेअकराची एसटी. एम.एस्सी.चं प्रॅक्टिकलही मी इतकं आखून केलं नव्हतं.

सात वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.

लोडशेडिंगचं वेळापत्रक त्याच दिवसापासून बदललं होतं, सात ते साडेदहा. अख्ख्या गल्लीला माहीत. पेपरात आलं होतं. आणि आमचा पेपर कुठं होता? मनालीच्या खाली. त्याच्यावर बसून ती उपीट खात होती, आणि वेळापत्रकावर बरोबर आमच्याच भागावर लिंबाची फोड पडली होती.

बरं, लाईट गेली तर गेली, गोधडी बाहेर काढून हातानं पिळावी की नाही? तर दार बंद. लाईट नाही तर दार नाही. मला सांगा, घराचं दार लाईट गेली म्हणून बंद होतं? कपाटाचं होतं? आमच्या जुन्या बादलीला तर दारच नव्हतं, कधीही हात घाला, अर्ध्या रात्री घाला. पण बादली मागासलेली. हे फुल्ली ऑटोमॅटिक.

यांना फोन लावला. हे आजऱ्याला कचेरीत, पहाटेच्या गाडीनं जातात. "अहो, दार उघडत नाही."

"जोर लावलास का?"

"लावला."

"जास्त लावलास का? तुटंल ते."

"मग लावू का नको?"

"मॅन्युअल बघितलंस का? शिकलेली आहेस ना तू." हे शिकलेली प्रकरण आमच्या घरी फक्त काहीतरी बिघडलं की निघतं.

कंपनीच्या नंबरावर फोन लावला. हे दाबा, ते दाबा, मग बासरी वाजली, मग एक बाई आली, साखरेत घोळलेली. "मॅम, मशीन ऑन है?" म्हटलं, "लाईट नहीं है." "तो मॅम, पहले मशीन ऑन कर लीजिए." म्हटलं, "बाई, लाईटच नहीं है तो ऑन कैसे करूं?" "मैं आपकी परेशानी समझ सकती हूं मॅम. मॉडल नंबर बताइए, मशीन के पीछे लिखा है." मशीनच्या मागे भिंत आहे. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये फक्त एक झुरळ जाऊ शकतं, आणि त्याला इंग्रजी येत नाही.

तोवर मनालीचं उपीट संपलं होतं. ती उठली, तिनं काचेतून आत बघितलं, आणि डी पाण्यात. पोरीचा चेहरा असा झाला की मी या जन्मात दुसऱ्यांदा बघू नये. "आई, डी बुलली." म्हटलं, "बुडली नाही गं, अंघोळ करतेय." "डीला काल." काढ म्हणतेय पोरगी, आणि आई काढू शकत नाही. तिनं आपल्या हातातलं बिस्कीट काचेला लावलं, डीला भूक लागली असेल म्हणून. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी ज्यानं दाराला लाईट जोडली त्या माणसाला काय करावं? मला काय काय सुचलं ते मी इथं सांगणार नाही, शिकलेली आहे मी.

मॅन्युअल काढलं. पान एकोणतीस. 'आणीबाणीच्या वेळी खालच्या कोपऱ्यातलं झाकण फिरवून पाणी काढावं.' शेजारी चित्र होतं, एक हसरी बाई आणि एक छोटी ताटली. मी हसले नाही, पण ताटली ठेवली. झाकण फिरवलं. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहतं हे मी पूर्वी साठ साठ मुलांना शिकवलेलं, पण आमच्या घरातला सखल भाग कुठला हे मला त्या दिवशी कळलं. ताटली तरंगत स्वयंपाकघरात गेली. पाणी दारातून जिन्यात, जिन्यातून खाली.

आणि खालून आवाज आला. "वयनी, वर रंकाळा तलाव फुटला काय वो?"

"नाही आण्णा, मशीनचं पाणी आहे."

"आमच्या देवघरापतुर आलंय की." आकाराम आण्णा धोतर सावरत जिन्यात उभे. "तरी मी म्हटलं हुतं, नारळ फोडा."

खरं सांगते, तेव्हा नारळ हाताशी असता तर मी फोडला असता. मशीनच्या डोक्यात.

पाणी गेलं, पण दार? दार तसंच. मी फडक्यानं जिना पुसतेय, अंगावर इंटरव्ह्यूची साडी नाही हे एकच नशीब, मनाली काचेला नाक लावून हुंदके देतेय, आणि साडेदहा वाजले. लाईट आली. देवाघरचं नसलं तरी वीजबोर्डाच्या घरचं काहीतरी आलं म्हणून मी उठले, आणि मशीन आपलं आपण पहिल्यापासून सुरू झालं. कुणी सांगितलं त्याला? कुणीही नाही. त्यानं ओळखलं की आपल्या पोटात पाणी नाही, त्यानं नळातून पाणी ओढायला सुरुवात केली, आणि खालचं झाकण मी लावलेलं नव्हतं.

"वयनी, दुसरा बी फुटला," खालून आवाज आला.

मी झाकण लावलं, कसं लावलं विचारू नका. अकराला वीस मिनिटं कमी. मशीन आता नव्यानं सव्वा तास धुणार, मधे थांबवलं तरी दार लगेच उघडणार नाही, मॅन्युअल पान एकतीस. साडी नेसायचीय, सर्टिफिकेटं घ्यायचीत, पोरगी मशीनपासून हलत नाही. डी आत, तर मनाली इथं. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि म्हटलं, जाऊ दे. नाचणीच बरी. कोण बोलावतंय मला गारगोटीला?

सुलतानबी दारात कधी आल्या कळलं नाही. त्यांनी ओली फरशी बघितली, मला बघितलं, मशीनपुढं बसलेल्या मनालीला बघितलं. चप्पल बाहेर काढली, आमचा पाट घेतला, आणि मनालीच्या शेजारी मशीनपुढं मांडून बसल्या.

"अहो सुलतानबी, इथं ओलं आहे."

"मग? मी काय मिठाची हाय? पोरगी माझ्या घरात येत न्हाय तर मी हितं बसते. तू साडी नेस. आणि केस विंचर, डाकिणीवानी दिसायलीस."

मी गेले. बसच्या खिडकीत सर्टिफिकेटांवर हात ठेवून पूर्ण रस्ता विचार करत गेले की झाकण मी घट्ट लावलं का.

आता इंटरव्ह्यू. टेबलापलीकडं तीन जण. मी तयारी करून गेलेली, प्रकाश, उष्णता, विद्युत… विद्युतवर तर त्या दिवशी मी दोन तास बोलले असते. पहिला प्रश्न काय विचारावा? मधले साहेब अर्जाकडं बघून म्हणतात, "मॅडम, घरी लहान मूल आहे म्हणे. मग सांभाळणार कोण?" माझ्या आधी आत गेलेला माणूस दोन मुलांचा बाप, बाहेर बाकावर त्यानंच सांगितलं होतं. त्याला विचारलं? नंतर मी विचारून घेतलं त्याला. नाही विचारलं. त्याची मुलं बहुतेक आपोआप मोठी होतात. सकाळपासूनचा सगळा राग, जिना, बासरी, पान एकोणतीस, सगळा जिभेवर आला.

म्हटलं, "वॉशिंग मशीन सांभाळतं, सर."

मधल्या साहेबांनी अर्ज खाली ठेवला. म्हटलं, "फुल्ली ऑटोमॅटिक आहे."

कडेच्या साहेबांनी ते लिहून घेतलं, खोटं नाही सांगत. आणि मधले म्हणाले, "बरं हाय की. आमच्या सुनंला सांगतो." मग विचारलं फिजिक्स, दहा मिनिटं, आणि मला घेतलं.

संध्याकाळी धावत घरी आले. जिना कोरडा, गच्चीवरून आणलेली गोधडी घडी घालून ठेवलेली, नव्यासारखी, लुगड्याचे काठसुद्धा उजळलेले. सुलतानबी म्हणाल्या, "ती आत गोल गोल फिरायला लागली आणि ही पोरगी बघत बघत माझ्या मांडीवर झोपली, तीन तास." मी आनंदानं गोधडी मनालीच्या हातात दिली. तिनं ती नाकाला लावली. वास घेतला. परत घेतला. आणि माझ्या हातात परत देत म्हणाली, "ही डी न्हाय."

डी कुठाय? तर तिनं मशीनकडं बोट दाखवलं.

तेव्हापासून ही पोरगी दुपारी मशीन फिरत असल्याशिवाय झोपत नाही. आत काय फिरतंय याच्याशी तिला देणंघेणं नाही, काल आम्ही नुसतं एक पायपुसणं फिरवलं. आत्यांना फोनवर सांगितलं, तर म्हणतात, "बरं झालं, त्यो डोळा कामाला आला."

तर सोमवारपासून मी जातेय. कॉलेजात माझे तास बारा ते तीन. मनालीची झोप बारा ते तीन, मशीनपुढं, सुलतानबींच्या मांडीवर. आणि या वेळी पेपर मी कुणाच्याही खाली न घालता, चष्मा लावून, नीट वाचला. सोमवारपासून लोडशेडिंगचं नवीन वेळापत्रक, आमचा भाग, बारा ते तीन. कुणी जुळवलं नाही हो, आपलं आपणच जुळलं… फुल्ली ऑटोमॅटिक.