आईचा मास्क धुतला तेव्हा

हॅलो?… हॅलो, कोण? ठकू?… अगं मोठ्यानं बोल, तोंडात काय आहे?… आधी ते गिळ. हं, आता बोल.

आजोबाच बोलतोय. दुसरं कोण असणार इथे? दूध तापत ठेवलंय, तेवढ्यात तुझा फोन… काय? गंमत? सांग की.

आईचा मास्क? रंगकामाचा?… धुतलास? तू? एकटीनं?… वा गं माझी शहाणी! साबणानं?… आणि वाळवलास कुठे?… गच्चीवर. छान, छान.

आणि ठकू… मास्कच्या दोन्ही गालांवर त्या गोल डब्या असतात बघ. त्या काढून ठेवल्या होत्यास ना?

…

बादलीत? किती वेळ?

नाही गं, रागावलो नाही. ऐक ना… आई कुठे आहे?… जेवतेय. आज कारखान्यात दुपारची पाळी ना तिची? निघते किती वाजता?… म्हणजे दहा मिनिटं आहेत. मास्क पिशवीत भरला तिनं?… हं. ठकू, आईला आत्ताच्या आत्ता सांगायचं.

हो, वाळलाय, कळलं मला… अगं, तेच तर वाईट! ओला असता तर तिला दिसला तरी असता.

बरं, सांगतो. त्या डब्यांत काय असतं?… नाही. कापूस नाही. कोळसा. खरंच, कोळसा! त्याला बारीक बारीक भोकं असतात. तुमच्या वर्गात बाकं असतात ना, तशी. रंगाच्या वाफा आल्या की एकेक जाऊन बाकावर बसते, आईच्या नाकापर्यंत पोचतच नाही. आता तू पाणी ओतलंस. सगळ्या बाकांवर कोण बसलं?… शाब्बास. मग वाफा आल्या तर?…

हं. सरळ आत.

रडू नकोस. अगं… वास आला की आई पळेल बाहेर? तसं नसतं गं. नाकाला सवय होते. मग नाक गप्प बसतं आणि डोकं गरगरायला… थांब, थांब! हे काय… अरे बापरे!

…

हॅलो? आहेस ना?… काही नाही. दूध करपलं. स्वयंपाकघर धुरानं भरलं तेव्हा कळलं… वास? मला कुठला वास येतोय! तीस वर्षं रंगाचा फवारा मारला, त्यातली पंधरा तोंडाला नुसतं फडकं बांधून. आमच्या वेळी मास्क लावणाऱ्याला ‘नवरी’ म्हणून चिडवायचे… हस, हस. म्हणून म्हणतो, पळ.

ओरडेल? तर सांग, अर्धी चूक आजोबांची. सुट्टीत मीच नाही का तुला शिकवलं, मास्क रोज धुवायचा म्हणून? डब्या काढून, हे सांगायचं राहिलंच. मास्तरच अर्धवट, तर पोरीनं काय करावं!… हो, असंच सांग. जा. फोन ठेवू नकोस, मी आहे.

…

हं… हं…

कोण? ठकूची आई का? बोल, बाई. सांगितलं तिनं?… हो, डब्यांसकट. नाही, नाही, उन्हात ठेवून काही होत नाही, त्या कामातून गेल्या. स्टोअरमधून नवीन घे, सीलबंद… स्टोअरवाला कितीला येतो?… चारला? मग चारपर्यंत बाहेर बस. मुकादम बडबडेल, बडबडू दे. पंखा चालू आहे म्हणेल, दोन तासांचा तर प्रश्न म्हणेल. मलाही असंच दोन-दोन तास म्हणत होते… शब्द दे… असा नाही, नीट दे.

हं. आता तिला जवळ घे आणि दे फोन.

…

काय गं, ओरडली?… नाही ना! पापा घेतला? बघ.

का धुतलास गं पण? मी सांगितलं म्हणून?… मग?… आई जवळ घेते तेव्हा रंगाचा वास येतो, म्हणून?

…

थांब गं, खुर्ची ओढून बसतो.

आणि आता? आत्ता घेतलं जवळ, तेव्हा कसला वास आला?… साबणाचा. आणखी?… भाताचा. आणि?… केसांचा? केसांचा कसा असतो गं? सांग ना… सावकाश सांग. करपलेलं पातेलं काय, नंतर घासता येईल.

हं… हं…

बरं, बरं, निघाली का? जा, दारापर्यंत जा तिच्याबरोबर. मी ठेवतो.