पोटातलं पाणी

परळच्या एका इस्पितळात कुमुदताई माळ ओढत बसल्या होत्या. शेजारच्या मायलेकींचं बोलणं नको म्हटलं तरी कानावर पडत होतं.

"इथे तरी वही ठेव गो."

"उद्या घनतेवर पेपर आहे, आई. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो."

"त्यापेक्षा हे लिही, सकाळी काट्यावर बाबांचं वजन महिन्यात चार किलो वाढलेलं दिसलं. औषध लागू पडलंय."

"ह्या महिन्यात पोटात साचलेलं पाणी आत्ता किती काढलं?"

"सहा लिटर, म्हणाली सिस्टर."

"म्हणजे सहा किलो."

"बरं, मग?"

"वाढले तर चारच होते. मग बाबांचे स्वतःचे दोन किलो कुठे गेले?"

कुमुदताईंचा मणी बोटातच अडला.

"आई?"

"वही मिट. बाबांना बाहेर आणतायत. त्यांना चार वाढले एवढंच सांगायचं."