पंचेचाळीस मिनिटांची तोडी

—न्हाई, पेढे ठेव बाजूला. आधी ऐक, मग तोंड गोड करू. सयाजी, तू माझ्या हाताखाली चार वर्षं शिकलास म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. विद्यापीठाची नोकरी घेऊ नकोस. हसतोस काय? मी केली ती नऊ वर्षं. आंबेगावच्या डोंगरात भात लावणाऱ्याचा पोरगा तू, संगीताचा मास्तर झालास — तुझ्या आईला वाटत असंल, पोराचं सोनं झालं. वाटू दे.

आधी गळ्याचं सांगतो. माझी पट्टी काळी एक, पोरींची काळी चार, पार वरची. वर्गात तुम्ही पोरं चार आणि पोरी वीस — त्यांच्या पट्टीत गाऊन दाखवल्याबिगर त्यांना कळायचं कसं? दिवसाला पाच तास वर चढून ओरडायचं. संध्याकाळी स्वतःसाठी तंबोरा लावून बसलो की खालचा सा यायचाच न्हाई, नुसता वारा. बाहेर गायचं तर अर्ज करा. अर्जावर सही, सहीवर शिक्का — तवर मैफल उरकलेली. आणि चिजा, नव्या बंदिशी? चिजा सुचायच्या त्या वर्गातच, चौथ्या तासाला, भलत्याच वेळी. पहिली ओळ जमली, दुसरी आली, की घंटा. त्या पत्र्याच्या पेटीत अकरा चिजा लिहून ठेवलेल्या हायेत माझ्या. अकराच्या अकरा स्थायीपाशी थांबल्यात. अंतरा एकीलाबी न्हाई.

म्हणून सोडली. गाण्यासाठी सोडली — बायकोला, नूरबीला, सगळ्यांना असंच सांगितलं, तुलाबी तसंच लिहिलं व्हतं. मग मंचरच्या कांद्याच्या व्यापाऱ्यांनी माझी बैठक ठेवली, सकाळची. लई माणूस जमला. तबल्याला माझा भाऊ, वजीर. मी तोडी धरली. आणि तुला सांगतो, लागली! नऊ वर्षांत लागली न्हवती अशी लागली. माणसं डोलत व्हती. विलंबित सरत आलं, आता द्रुत धरायची, वजीर माझ्या तोंडाकडं बघतोय — आणि मी थांबलो. आपोआप. तंबोरा खाली ठेवला आणि म्हणालो, “उरलेलं उद्या.” आणि उठलो की रे! पंचेचाळीस मिनिटं झाली व्हती. समोर घड्याळ न्हाई, घंटा न्हाई, अंगातच वाजली. एक अडत्या मागनं वरडला, “मास्तर, हजेरी राहिली की!” सगळे हसले. वजीर न्हाई हसला.

परत बसायचं व्हतं म्हणतोस? बसलो की. सूर सापडंना. मग काय केलं ठाऊक हाये? समजवायला लागलो. रिषभ कोमल, गंधार कोमल, धैवत कोमल, मध्यम तीव्र — कांदेवाल्यांना, सयाजी! वजीरनं तबल्यावर गवसणी घातली. त्या बैठकीला सात महिने झाले. बोलावणं न्हाई कुणाचं.

तर तू जाऊ नकोस. सोमवारच्या आत नकार कळवून टाक, सुटशील — काय? सोमवार मला कसा ठाऊक? तूच म्हणालास की, आत्ता, चपला काढताना. न्हाई म्हणालास? ...नूरबी, चहाचं बघ गं. न्हाई, राहू दे. आतच थांब.

विद्यापीठाचं पत्र आलंय मला. आधी मीच लिहिलं व्हतं — परत घ्या म्हणून. ते म्हणतात, जागा सयाजीला दिली. सोमवारपर्यंत त्यानं नकार दिला, तर तुमचा विचार करू.

असं बघू नकोस. गळ्याचं खोटं न्हाई सांगितलं, एक अक्षर खोटं न्हाई. पण ती तुमच्या वर्गातली आबेदा आठवते तुला? वर्षभर बेसूर. एक दिवस तिचा गंधार लागला, तिचं तिलाच नवल वाटलं, तोंडावर हात धरून उभी राहिली. त्या दिवशी मी चालत घरी आलो, सायकल तिथंच विसरलो. गाऊन मला असं कधी झालं न्हाई. मंचरलाबी न्हाई. नऊ वर्षं मी त्या घंटेला शिव्या दिल्या आणि इथं दहा वाजले की कोट घालून ओट्यावर बसतो. नूरबी बघती.

तुझं वय काय, पंचवीस? तुला गळा हाये. तू गाशील कुठंबी, लोक बोलावतील. मला दुसरं काय येतंय? सांग. सांग की!

हे काय — पाया कसला पडतोस? ऊठ. कुणाच्या पाया पडतोस, तुझीच जागा मागणाऱ्याच्या? ऊठ म्हणतो ना! एसटी चुकंल तुझी. आणि दार लोटून घे जाताना.