खोरेकर म्हणजे नक्की कोण?

...नाही, पण मी म्हणतो, मला तोंड उघडायची गरज काय होती? खोरेकर मंडळाची सभा, विषय एवढाच की नवीन राहायला आलेल्या सलूनवाल्याला सभासद करायचं का, सगळे 'करा करा' म्हणत चपला शोधतायत, आणि मी, मंडळाचा अध्यक्ष, छाती फुगवून उभा! म्हटलं, "थांबा! आधी ठरवा, खोरेकर म्हणजे कोण? जो या खोऱ्यात जन्मला तो! बाकीचे नुसते रहिवासी!"

तुम्हाला सांगतो, सगळे चपला सोडून माझ्याकडे बघायला लागले... मला वाटलं, भाषण लागू पडलं. कसलं काय! पहिल्या रांगेतून आमची बायको, "अस्सं? मग इतकी वर्षं तुमच्या घरात मी कोण? पाहुणी?"

मी म्हटलं, "अगं, तुझं वेगळं..." तेवढ्यात आमच्या मातोश्री! त्यांना ऐकू येतं कमी, म्हणून बोलतात दुप्पट. "काय म्हणतोय हा? इथं जन्मलेला? अरे गाढवा, खोऱ्यात प्रसूतिगृह होतं कधी? तू पुलापलीकडच्या दवाखान्यात झालास, पलीकडचा तू!"

झालं! बेकरीवाला पलीकडचा, खजिनदार पलीकडचा, अख्खं मंडळ पलीकडचं! मग खोरेकर म्हणजे कोण? तर सलूनवाला भीत भीत उठला, "काका, आमची छकुली... त्या दिवशी पूल बंद होता, सलूनमध्येच झाली." म्हणजे अख्ख्या खोऱ्यात अस्सल खोरेकर एकच, आणि तिला अजून दात नाहीत!

मी म्हटलं, "शब्द मागे घेतो." तर टपालवाल्या बाई म्हणतात कशा, "तुम्ही आता सभासदच नाही, मागे कसा घेणार?" शेवटी सलूनवालाच म्हणाला, "जो इथं राहतो तो खोरेकर, असं करा ना. काकांचीही सोय होईल."

माझी सोय! ऐकताय ना?

मतदान सुरू. निर्णय एकमतानं हवा, हा नियमही मेला मीच केलेला! सगळ्यांचे हात वर, बायकोचा खाली. मी तिच्याकडे बघतोय, ती छताकडे. म्हटलं, "अगं, मी चुकलो..." तरी हात खालीच! आणि एकदम केला हो तिनं हात वर... सलूनवाल्याच्या कडेवरून छकुली हसली ना, तिला टाटा करायला!

सचिवानं हळूच विचारलं, "अध्यक्ष, हे मत धरू का?"

म्हटलं, धर बाबा... पटकन धर!