दौलताबादचं स्टेशन

सिडकोतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हातारे बसले होते.

"व्यंकटराव, मी चार महिने आजारी. आपल्या क्लबातली मॉडेल रेल्वे कुठवर आली?"

"झाली पूर्ण, रहीमभाई. आता गाड्या मोबाईलवर चालतात."

"अन् माझं दौलताबाद स्टेशन?"

"काढलं. नव्या रुळांना जागा पुरंना. तिथं प्लास्टिकचं तयार स्टेशन बसवलंय."

"दोन वर्षं आगकाड्या चिकटवून बांधलं व्हतं मी."

"सगळ्यांचं तसंच मत पडलं."

"तुमचं?"

"मीबी हो म्हणलो."

"कुठंय आता ते?"

"उचलताना मोडलं."

"एक फोन तरी करायचा."

"तुम्ही नाय म्हणला असता."

रहीमभाईंचा नंबर आला. व्यंकटराव आधार द्यायला उठले. रहीमभाई भिंत चाचपत एकटेच आत गेले.