दर वितीला एक गाठ

जबाब

नाव : ओळखपत्रात आहे तेच, गल्लीत सगळे शिवणवाल्या मावशी म्हणतात. वय : ७१ वर्षे. शिक्षण : तिसरीपर्यंत, सही येते. धंदा : कपडे उसवून मापात करून देणे. राहणार : धुलाईच्या दुकानावरचा दुसरा मजला, जिना चढून डाव्या हाताची खोली.

पोलीस ठाण्यात समक्ष बसून, मला विचारले त्यावरून, मी सांगते ते असे की,

वरील ठिकाणी मी एकोणतीस वर्षे राहते. सोबत मुलगा राहतो, तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. सून हयात नाही. एक नातू आहे, वय एकवीस. तो चौदा महिन्यांपासून घरी नाही. त्याची खबर आमच्या भागातल्या ठाण्यात तेव्हाच दिली होती. नातू सज्ञान आहे, आपल्या मर्जीने गेला आहे, असे लिहून त्यांनी फाइल बंद केली. त्यांचेही चुकले नाही. तो जाताना सगळ्यांच्या देखत गेला.

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास मी बसने प्रदर्शन हॉलवर पोहोचले. तिथे वर्षातून एकदा अ‍ॅनिमेच्या चाहत्यांचे दोन दिवसांचे कन्व्हेन्शन भरते. आज पहिला दिवस होता. अ‍ॅनिमे म्हणजे लहान मुलांचे कार्टून का, असे लिहून घेणाऱ्या पोलिसांनी विचारले. तसे नाही. जपानी चित्रमालिका असतात, त्यात लहान मुलांना दाखवू नये असे पुष्कळ असते. या वयात मी तिथे काय करत होते, असेही विचारले. तिकीट काढून गेले होते. मनगटाला कागदी पट्टा अजून आहे, तो दाखवला. चौदा महिन्यांत हे माझे पाचवे कन्व्हेन्शन आहे. वेगवेगळ्या गावांना झाली. बाके कुठेच पुरेशी नसतात. सगळे भिंतीला टेकून जमिनीवर बसतात. मीही बसते, पण मला उठवायला दोघे लागतात.

या गोष्टी मला कशा माहीत, तर नातवामुळे. एक मालिका आहे, तिचे एकशे बारा भाग आहेत. मी बटणे लावता लावता ते सगळे पाहिले. भाषा परकी असते. खाली अक्षरे येतात, ती मला तितक्या भराभर वाचता येत नाहीत. नातू वाचून दाखवायचा, प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून. आता मी नुसती चित्रे बघते.

त्यात राखाडी पहारेकरी म्हणून एक आहे. जमिनीला टेकणारा राखाडी झगा, आतून नारिंगी अस्तर, तोंडावर पांढरा मुखवटा. मुखवटा तो एकशे बारा भागांत एकदाही काढत नाही. पोलिसांनी इथे ‘मालिकेतील खलनायक’ असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. तो खलनायक नाही. शहर जळून गेले तरी तो वेशीवर उभा राहतो, कारण आता जा, असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. तुमच्यात नसतात का असे, म्हटले, तर ते हसले. पुढे लिहा म्हटले, मी दमले आहे.

तीन वर्षांपूर्वी नातवासाठी असा झगा मी शिवला. कापड त्याने आणले. अस्तर एका गिऱ्हाईकाने टाकून दिलेल्या पडद्याचे आहे. खालची दुमड मी हाताने घातली. माझी पद्धत अशी आहे की हातशिलाई करताना दर वितीला एक गाठ मारायची आणि ती दुमडीच्या आत लपवायची. एका ठिकाणी उसवले तर तेवढी एक वीतच उसवते, बाकीचा घेर राहतो. मी ज्या शिंप्याकडे शिकले तो हसायचा. म्हणायचा, ‘‘बाई, तुम्ही गाठी मारत बसा, तोवर मी तीन कपडे उतरवतो.’’ त्याचे तीन उसवून परत यायचे. अशी शिलाई मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. नातवाला मी शिकवली होती. त्याचा हात चांगला आहे. त्याच्या बापाला ते चांगले वाटत नव्हते.

नातू घरातून गेला त्या दिवशी काय झाले, असे विचारले. संध्याकाळी साडेसहाला मुलगा कामावरून आला. नातू आरशासमोर झगा घालून उभा होता. मुलाने मुखवटा काढून पायाखाली घेतला. मग तो झग्याकडे वळला, तेव्हा नातू आहे तसाच, झग्यासकट, जिना उतरून गेला. मुलगा त्याला काय काय बोलला ते विचारले. मला ऐकू आले नाही, शिवणयंत्र चालू होते.

शिवणयंत्र मीच चालू ठेवले होते. तेही लिहा.

पोरगा घर सोडेल, पण कन्व्हेन्शन सोडणार नाही, एवढे मला ठाऊक होते. म्हणून मी जाऊ लागले. अडचण अशी की तिथे पोरे मालिकांतल्या पात्रांचे पोशाख करून येतात, एका वेळी तीस-चाळीस पहारेकरी फिरत असतात, सगळ्यांची तोंडे झाकलेली. उंचीवरून ओळखावे तर निम्म्यांनी उंच तळव्यांचे बूट घातलेले असतात. तोंड ओळखता येत नाही, पण मला माझा टाका ओळखता येतो. पहिल्या वेळी मी जाणाऱ्या-येणाऱ्याला, ‘‘बाळा, थांब, तुझी खालची कड उसवली आहे,’’ असे खोटेच सांगून दुमड बघत होते. मग कळले की तिथे दुरुस्तीचे टेबल असते. पोशाख तुटले, फाटले की पोरे तिथे येतात. गोंद, पिना, सुईदोरा सगळे ठेवलेले असते. मी तिथे बसू लागले. कपडे आपसूक हातात येतात. पोरे मला टाका आजी म्हणतात. कुणाचे पंख, कुणाची शेपटी, कुणाची चिलखताची पट्टी मी लावून दिली आहे. एकाने विचारले, ‘‘आजी, तुम्ही कोण झालात?’’ म्हटले, म्हातारी झाले, पोशाख घरचाच आहे.

आज दारावर माझी कात्री काढून घेतली. बाहेर पोरे पुरुषभर उंचीच्या तलवारी घेऊन आत जात होती. पुठ्ठ्याच्या आहेत, म्हणे.

दुपारी पावणेतीनच्या सुमारास मी दुरुस्तीच्या टेबलावर होते. टेबलाला लागूनच स्टेजकडे जाणाऱ्या पायऱ्या आहेत. पोशाखांची स्पर्धा सुरू होणार होती आणि एक पहारेकरी घाईने पायऱ्या चढत होता. झग्याची कड माझ्या हाताशी आली. मी नेहमीसारखी चिमटीत धरली. आत गाठ लागली.

मग मी झगा सोडला नाही. दोन्ही हातांनी धरला. नातवाला घरी ज्या नावाने हाक मारते त्या नावाने हाक मारली. पुढच्याने ओढला, मी ओढला, दुमड टर्रकन फाटली आणि ती व्यक्ती पायरीवर गुडघ्यावर आली. मुखवटा निसटला. आत चष्मा लावलेली एक मुलगी होती. वय वीसच्या आसपास असेल.

आमचे बोलणे झाले ते असे.

‘‘आजी, सोडा ना, माझा नंबर आलाय.’’

‘‘सोडते. हा झगा कुणाचा?’’

‘‘माझा आहे.’’

‘‘तुझ्या अंगावर आहे, ते दिसतंय मला. कुणाचा, ते सांग.’’

पिवळ्या जाकिटातला स्वयंसेवक आला आणि त्याने माझी बोटे एक एक करून सोडवली. मी त्याला मारले, असे त्याने सांगितले आहे. माझ्या हातात पिनांची उशी होती. ती त्याला लागली असेल. मुद्दाम मारली असे नाही, पण उशी लागली हे खरे.

मुलीचा गुडघा खरचटला. तिची स्पर्धा बुडाली, ती माझ्यामुळे बुडाली. त्याबद्दल तिने तक्रार द्यावी, ती रास्त आहे. आम्हाला दोघींना एकाच गाडीतून इथे आणले. गाडीत ती खिडकीकडे बघत होती. तिने तोंड फिरवलेले असूनही ती रडते आहे हे मला कळत होते.

इथे आल्यावर साहेबांनी माझी जुनी खबर संगणकावर काढून वाचली. ते म्हणाले, ‘‘आजी, या मुलीला तुमचा नातू कुठे आहे ते माहीत असणार. आत्ता विचारतो. दहा मिनिटांत पत्ता काढून देतो तुम्हाला.’’ मी हो म्हटले. लगेच म्हटले. चौदा महिने मी त्याच एका गोष्टीसाठी बसने फिरत होते.

साहेब आत गेले. मुलगी काही सांगत नाही, असे बाहेर ऐकू येत होते. शब्द दिला आहे, एवढेच ती म्हणत होती. साहेबांचा आवाज चढला. माझ्या मुलाचा आवाज असाच चढतो. इथे शिवणयंत्र नव्हते, त्यामुळे सगळे ऐकू आले.

तेवढ्यात लिहून घेणाऱ्या पोलिसांनी झगा टेबलावर पसरला आणि तो माझ्या हातचा आहे का ते ओळखायला सांगितले. मी पाहून सांगते की खांदे माझ्या हातचे आहेत. गळा माझा आहे. अस्तर त्याच पडद्याचे आहे. खालची दुमड माझी नाही. नातू उंच आहे, मुलगी त्याच्या खांद्याला लागेल एवढी. झगा तिच्या मापाला वीतभर वर घेऊन नव्याने शिवला आहे. दोरा नवा आहे, अजून त्याची तकाकी गेलेली नाही. महिन्याभरातले काम असेल. गाठी आहेत, दर वितीला, आत लपवलेल्या. मी माझी वीत लावून पाहिली. दर वेळी माझा हात दोन बोटे कमी पडला. सबंध घेर मोजला. सगळीकडे दोन बोटे.

म्हणजे ती शिलाई ज्याने घातली त्याचा हात माझ्या हातापेक्षा मोठा आहे. त्याला बसायला जागा आहे, उजेड आहे, ज्याचे माप घ्यावे असे कुणीतरी आहे. टाके एकसारखे आहेत, म्हणजे हात कापत नाही. एवढे कापडावरून कळते. यापलीकडचे मी सांगू शकत नाही.

मी उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेले आणि साहेबांना म्हटले, ‘‘तिला विचारू नका. मला पत्ता नको.’’

साहेब म्हणाले, ‘‘अहो, मघाशी तर हो म्हणालात.’’

‘‘मघाशी म्हणाले. आता नाही म्हणते. लिहायचं असेल तर दोन्ही लिहा.’’

कारण विचारले. कारण असे की त्याला पत्ता द्यायचा असता तर त्याने दिला असता. दुसऱ्याच्या पोरीला रडवून काढलेला पत्ता घेऊन मी त्याच्या दाराशी उभी राहिले, तर तो दार उघडेल आणि त्याला माझ्यात त्याचा बाप दिसेल. मी तेवढ्यासाठी पाच गावे फिरले नाही.

त्यानंतर मुलीला बाहेर आणून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. तिने मला सांगायला सुरुवात केली, ‘‘आजी, तो तुमच्याबद्दल नेहमी...’’ मी तिला थांबवले. शब्द दिला आहेस ना, म्हटले, तो ठेव. मी एकच विचारले, त्याच्याकडे शिवणयंत्र आहे का. ती म्हणाली, नाही, सगळं हातानेच करतो. म्हटले, मग पाठ दुखत असेल, त्याला उशी घेऊन बसायला सांग. ती म्हणाली, सांगते.

झगा फाडल्याचे नुकसान मी भरून देते, असे मी कबूल केले आणि ते इथेच, लिहून घेणाऱ्या पोलिसांसमोर भरून दिले. सुईदोरा माझ्याकडे होता. कात्री नसल्याने दोरा दाताने तोडला. जेवढे फाटले होते तेवढे, म्हणजे त्याची एक वीत, मी शिवले. माझ्या वितीला एक गाठ, उरलेल्या दोन बोटांना एक. दोन्ही गाठी आत लपवल्या. मुलगी वाकून बघत होती. तिला म्हटले, झगा परत देशील तेव्हा इथे फाटला होता म्हणून सांगू नकोस. तो घेर उलटून बघतोच. ती सवय मीच लावली आहे.

मुलीविरुद्ध किंवा स्वयंसेवकाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. उद्या कन्व्हेन्शनचा दुसरा दिवस आहे. माझ्या हातातला पट्टा दोन्ही दिवस चालतो. मी जाणार नाही. मला झोप हवी आहे. दारावर राहिलेली माझी कात्री तेवढी कुणाला तरी आणून द्यायला सांगावी, ती चांगल्या लोखंडाची आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला, मी नीट ऐकला. दोन ठिकाणी ‘हरवलेला नातू’ असे लिहिले होते. दोन्हीकडचे ‘हरवलेला’ माझ्यासमोर खोडून घेतले. बाकी मी बोलले तसे आहे म्हणून खाली सही करते.